विश्लेषण : आठवड्यातून एकदाच होणारा बिघाड पकडायचा कसा? ऑसिलोस्कोपवरील ‘लॉजिक पॅटर्न ट्रिगर’ काय आहे?

शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर जळतो. दुरुस्ती करणारा जळालेले ट्रान्झिस्टर बदलतो, टेबलावर दोन तास चालवून पाहतो आणि सगळे ठीक निघते. कंट्रोलर शेतात परत जातो आणि आठवडाभरात पुन्हा जळतो. ट्रान्झिस्टर पुन्हा बदलले जातात, पुन्हा जळतात. पाण्याची पाळी चुकलेली असते आणि दोष ‘माल निकृष्ट’ म्हणून सुट्या भागांवर ढकलला जातो. प्रत्यक्षात अनेकदा भाग चांगलेच असतात. चूक असते ती वेळेची, आणि ती एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळ टिकते. टेबलावर ऑसिलोस्कोप असूनही ती दिसत नाही, कारण स्कोपला नेमके काय शोधायचे ते सांगितलेलेच नसते. ते सांगण्याची सोय आता साध्या डिजिटल स्कोपमध्येही असते. तिचे नाव लॉजिक पॅटर्न ट्रिगर. ती कशी काम करते आणि कुठे फसवते, याविषयी…

कंट्रोलर जळतो म्हणजे आत काय घडते?

सौर पॅनेलमधून मिळते ती डीसी वीज. पंपाच्या मोटारीला हवी असते तीन फेजची, दिशा बदलणारी वीज. हे रूपांतर करणाऱ्या भागाला इन्व्हर्टर म्हणतात. इलेक्ट्रिक स्कूटर, लिफ्ट, कारखान्यातील मोटार ड्राइव्ह, इन्व्हर्टर एसी, या सगळ्यांत हाच भाग थोड्याफार फरकाने असतो. प्रत्येक फेजसाठी दोन इलेक्ट्रॉनिक स्विच एकावर एक जोडलेले असतात. वरचा चालू झाला की मोटारीची तार धन टोकाला जोडली जाते, खालचा चालू झाला की ऋण टोकाला. हे दोन्ही आळीपाळीने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात.

दोन्ही एकाच वेळी चालू झाले, तर धन आणि ऋण टोके थेट एकमेकांना जोडली जातात. मधे मोटार नसते, काहीच नसते. यालाच ‘शूट-थ्रू’ म्हणतात. प्रवाह किती वेगाने वाढतो याचा हिशेब सोपा आहे. समजा, डीसी बाजू ६०० व्होल्टची आहे आणि तांब्याच्या पट्ट्या व तारा मिळून १०० नॅनोहेन्रीचे इंडक्टन्स आहे. अशा वेळी प्रवाह दर नॅनोसेकंदाला ६ अँपिअरने चढतो. म्हणजे १०० नॅनोसेकंदांत तो कागदोपत्री ६०० अँपिअरवर पोहोचतो. प्रत्यक्षात स्विच स्वतःच काही प्रमाणात प्रवाह अडवतो, पण त्या काळात सगळी उष्णता त्याच्या अंगावर पडते. मोठ्या इन्व्हर्टरमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयजीबीटी जातीच्या स्विचला असा शॉर्ट साधारण १० मायक्रोसेकंद सोसता येतो. अलीकडच्या काही प्रकारांना त्याहूनही कमी.

म्हणून एक स्विच बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी मुद्दाम थोडी विश्रांती ठेवतात. तिला ‘डेड टाइम’ म्हणतात. आयजीबीटीसाठी ती एक ते काही मायक्रोसेकंद असते, मॉसफेटसाठी काहीशे नॅनोसेकंद. ही विश्रांती संपूर्ण खाल्ली गेली की कंट्रोलर गेला. ती खाणारे अनेक असतात. प्रोग्रॅममधली चूक असते. रीसेट होताना प्रोसेसरचे पाय काही क्षण अधांतरी राहतात. कधी लांब तारेत नॉइज शिरतो. आणि एक कारण हमखास विसरले जाते ते म्हणजे ऑप्टोकपलर. प्रोसेसरचा हुकूम प्रकाशाच्या रूपाने स्विचपर्यंत पोहोचवणारा हा चिमुकला भाग तापला किंवा जुना झाला की हुकूम पोहोचवायला लागणारा वेळ बदलतो. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत जे घडते, ते पंख्याखालच्या टेबलावर घडत नाही, याचे रहस्य बऱ्याचदा इथे असते.

साध्या पद्धतीने स्कोप लावला तर हा बिघाड का दिसत नाही?

ऑसिलोस्कोप म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसे बदलते याचा आलेख काढणारे यंत्र. पण आलेख कुठून सुरू करायचा, हे त्याला सांगावे लागते. नाही तर पडद्यावरची रेघ सतत सरकत राहते आणि काहीच वाचता येत नाही. सुरुवात ठरवणारा हा इशारा म्हणजे ट्रिगर. अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ मध्ये आणलेल्या ५११ या स्कोपने ट्रिगर होणारा आलेख रोजच्या वापरात आणला आणि तेव्हापासून ट्रिगर हा या यंत्राचा प्राण आहे.

सर्वांत साधा ट्रिगर म्हणजे ‘एज’. सिग्नल ठरावीक पातळी ओलांडून वर गेला किंवा खाली आला की आलेख काढ, एवढाच हुकूम. शिकवताना हाच शिकवतात आणि पुष्कळ जण आयुष्यभर यावरच काम भागवतात. बहुतेक वेळा भागतेही.

आता इन्व्हर्टरचा हिशेब करून पाहू. स्विच सेकंदाला १० हजार वेळा चालू आणि १० हजार वेळा बंद होतो, म्हणजे एका फेजवर सेकंदाला २० हजार अदलाबदली. प्रत्येक अदलाबदलीत चूक होण्याची शक्यता आहे. स्कोप मात्र एक आलेख टिपल्यावर तो साठवतो, रंगवतो आणि मग पुढच्यासाठी तयार होतो. या मधल्या काळात तो आंधळा असतो. समजा, त्या सेटिंगवर तो सेकंदाला २ हजार आलेख टिपतो. म्हणजे २० हजारांपैकी १८ हजार अदलाबदली त्याने पाहिल्याच नाहीत. वर ट्रिगर फक्त चढत्या बाजूला लावला असेल, तर उतरत्या बाजूची अदलाबदल बहुधा पडद्याच्या बाहेरच राहते.

जे टिपले तेही माणसाला दिसते असे नाही. पडदा सेकंदाला ५० वेळा ताजा होतो असे धरले, तर एका चित्रात ४० आलेख एकमेकांवर चढवलेले असतात. त्यातला एक वेगळा असेल तर तो एक पुसट रेघ बनून एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता चमकतो. टेबलासमोर बसलेला माणूस नेमका त्याच क्षणी चहाचा कप उचलतो. किंवा उचलत नाही, तरी फरक पडत नाही. महागडे स्कोप सेकंदाला लाखाच्या घरात आलेख टिपतात आणि त्यांची शक्यता वाढते. तरी तत्त्व तेच राहते. बिघाड शोधण्याचे काम नशिबावर सोपवलेले असते.

मग लॉजिक पॅटर्न ट्रिगर वेगळे काय करतो?

रेल्वेच्या फाटकाचे उदाहरण घेऊ. फाटक उघडे असणे ही चूक नाही. सिग्नल हिरवा असणे हीही चूक नाही. फाटक उघडे असताना सिग्नल हिरवा असणे, ही मात्र चूक आहे. फाटकावर एक माणूस आणि सिग्नलवर दुसरा माणूस बसवला आणि दोघांना फक्त ‘बदल झाला की सांगा’ असे सांगितले, तर दिवसभर निरोपांचा पाऊस पडेल आणि खरी चूक त्यात हरवेल. हवे आहे ते दोघांच्या निरोपांना एकत्र पाहणारे डोळे.

पॅटर्न ट्रिगर हेच करतो. स्कोपच्या प्रत्येक चॅनेलसाठी तीनपैकी एक अट निवडायची असते : सिग्नल उच्च हवा, नीच हवा, किंवा काहीही चालेल. या शेवटच्या अटीला ‘डोन्ट केअर’ म्हणतात. सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच स्कोप आलेख टिपतो. चार चॅनेलच्या स्कोपवर ‘उच्च, उच्च, काहीही, काहीही’ असे लावले, तर पहिले दोन सिग्नल एकत्र उच्च होतील तेव्हाच ट्रिगर लागतो. वरच्या आणि खालच्या स्विचचे हुकूम या दोन चॅनेलना जोडलेले असतील, तर ही अट म्हणजे थेट शूट-थ्रूची व्याख्या झाली.

इथेच हिशेब उलटतो. निरोगी इन्व्हर्टरमध्ये ही अट कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे स्कोप काहीही टिपत नाही, रंगवत नाही, आंधळाही होत नाही. ट्रिगरचे सर्किट स्वतंत्रपणे प्रत्येक क्षणी तुलना करत बसलेले असते. सेकंदाच्या २० हजार अदलाबदलींपैकी एकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. आठवड्यातून एकदा होणारा बिघाड आठवड्यातून एकदाच टिपला जातो, आणि पडद्यावर तोच असतो. रिकामा पडदा ही इथे निराशा नसून माहिती आहे.

ही कल्पना आली कुठून?

‘दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच नोंद घ्या’ हा विचार ऑसिलोस्कोपवाल्यांचा नव्हे, अणू आणि विश्वकिरणांच्या मागे लागलेल्या भौतिकशास्त्रज्ञांचा. जर्मनीत वाल्थर बोथे आणि हान्स गायगर यांनी १९२४-२५ मध्ये दोन गणक शेजारी ठेवून, दोघांत एकाच वेळी ठोका पडतो का हे तपासले. तेव्हा नोंदी फिल्मच्या पट्ट्यांवर घेतल्या आणि जुळणारे ठोके डोळ्यांनी शोधले गेले. या ‘योगायोग पद्धती’साठी बोथे यांना १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांचे हे कष्ट संपवले ते इटलीतील तरुण संशोधक ब्रुनो रोस्सी यांनी. १९३० मध्ये त्यांनी निर्वात नळ्यांचे असे सर्किट प्रसिद्ध केले, जे सगळ्या गणकांत एकत्र ठोका पडला तरच स्पंद बाहेर देई. आजच्या भाषेत तो ‘अँड गेट’ होता.

या परंपरेचा एक मोठा धागा मुंबईशी जोडलेला आहे. कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि ब्रिटनमधील सहकाऱ्यांसह कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलवर, उपकरणे बसवली होती. १९६५ मध्ये तिथे वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. इतक्या खोलवर अशा घटना अत्यंत विरळ. सतत चित्रे काढत राहणे अशक्य होते. म्हणून समोरासमोरच्या संवेदकांनी एकत्र इशारा दिला तरच नोंद घेतली जाई. आज युरोपातील सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, याची पहिली चाळणीही अशाच अटींची असते. स्कोप बनवणाऱ्या लेक्रॉय या नामांकित कंपनीची सुरुवात १९६४ मध्ये झाली ती कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी वेगवान इलेक्ट्रॉनिक्स बनवण्यापासूनच.

प्रत्यक्षात सेटिंग कसे करतात?

मेन्यूत ट्रिगरचा प्रकार बदलायचा असतो. टेक्ट्रॉनिक्सच्या स्कोपवर तो ‘लॉजिक’ या नावाने सापडतो, कीसाइट आणि रिगोलवर ‘पॅटर्न’ या नावाने. त्यानंतर चॅनेलनिहाय अटी भरायच्या. इथपर्यंत पाच मिनिटांचे काम. बहुतेकांचे घोडे अडते ते पुढे.

पहिला मुद्दा पातळीचा. उच्च म्हणजे किती व्होल्टच्या वर? प्रत्येक चॅनेलला ही पातळी स्वतंत्रपणे द्यावी लागते. प्रोसेसरचा हुकूम ३.३ व्होल्टचा असेल तर मध्यावर, म्हणजे साधारण १.६५ व्होल्टवर ती ठेवतात. पण स्विचच्या गेटवरचा सिग्नल बंद असताना शून्य किंवा त्याखाली आणि चालू असताना १५ व्होल्ट असतो. तिथे मध्य पाहून उपयोग नाही. स्विच प्रत्यक्षात चालू व्हायला लागतो ती पातळी महत्त्वाची, आणि आयजीबीटीसाठी ती साधारण ५-६ व्होल्ट असते. नेमका आकडा त्याच्या डेटाशीटमध्ये पाहावा. एका चॅनेलची पातळी दुसऱ्यावर तशीच राहून गेली, की ट्रिगर एक तर कधीच लागत नाही किंवा सतत लागत राहतो.

दुसरा मुद्दा उलट्या तर्काचा. अनेक कार्डांवर हुकूम ‘नीच म्हणजे चालू’ अशा पद्धतीने दिलेला असतो. तिथे ‘उच्च, उच्च’ ही अट लावली तर ती डेड टाइममध्ये, म्हणजे दोन्ही स्विच बंद असताना, दर वेळी पूर्ण होईल. पडदा भरून जाईल आणि शोधणारा ‘सापडला’ म्हणून खूश होईल. अशा कार्डावर अट ‘नीच, नीच’ हवी. सर्किटचा नकाशा नसेल, तर आधी साध्या एज ट्रिगरवर एक सिग्नल आणि त्या स्विचचे गेट शेजारी पाहून घ्यावे. हे दोन मिनिटांचे काम पुढचे दोन तास वाचवते.

तिसरा मुद्दा मोडचा, आणि सर्वाधिक फसवणूक इथेच होते. स्कोप सुरू केल्यावर तो सहसा ‘ऑटो’ मोडमध्ये असतो. या मोडमध्ये काही काळ ट्रिगर लागला नाही, तर स्कोप स्वतःच आलेख काढतो, म्हणजे पडदा रिकामा दिसू नये. पॅटर्न ट्रिगरसाठी ही सोय घातक आहे. पडद्यावर निरोगी आलेख हलत राहतात आणि ते ट्रिगरमुळे आले की स्कोपच्या मर्जीने, हे कळत नाही. ‘नॉर्मल’ किंवा ‘सिंगल’ मोडवर गेल्याशिवाय पॅटर्न ट्रिगर लावला असे म्हणण्यात अर्थ नाही.

चौथा, ट्रिगरची जागा. ट्रिगरचा क्षण पडद्याच्या मध्यावर न ठेवता उजवीकडे सरकवावा. बिघाडानंतर काय होते हे सगळ्यांना ठाऊक असते : धूर होतो. बिघाडाच्या आधी काय घडले ते हवे असते. डिजिटल स्कोप मेमरीत सतत साठवत असल्याने ट्रिगरच्या आधीचा काळही दाखवू शकतो, आणि मेमरी मोठी असेल तर बराच मागचाही.

खोटे ट्रिगर का लागतात?

समजा, एक सिग्नल उच्चवरून नीच होतोय आणि दुसरा त्याच सुमारास नीचवरून उच्च. दोन्ही अगदी बरोबर आहेत. पण एकाच्या प्रोबची तार २० सेंटिमीटर लांब आहे. तारेतून सिग्नल मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणजे इथे एका नॅनोसेकंदाचा फरक पडला. साधा प्रोब आणि डिफरन्शियल प्रोब यांची जोडी असेल, तर हा फरक त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. त्या फटीत स्कोपला दोन्ही सिग्नल एकत्र उच्च दिसतात, प्रत्यक्षात ते नसले तरी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सगळे प्रोब एकाच सिग्नलला लावून पडद्यावरच्या कडा एकमेकांवर आणायच्या. या जुळवणीला ‘डीस्क्यू’ म्हणतात आणि जवळपास प्रत्येक स्कोपमध्ये तिची सोय असते. दुसरा उपाय म्हणजे काळाची अट. पॅटर्न ‘पूर्ण झाला की’ ट्रिगर न देता, ‘२० नॅनोसेकंदांहून अधिक काळ टिकला तर’ ट्रिगर द्यायचा. क्षणिक आभास गळून पडतात आणि खरा बिघाड उरतो. डेड टाइम काहीशे नॅनोसेकंदांचा असेल, तर तो संपवून वर २० नॅनोसेकंद एकत्र चालू राहणे ही नक्कीच गंभीर गोष्ट आहे. ही काळाची अट उलटी करूनही वापरता येते. ‘नीच, नीच’ हा डेड टाइमचा पॅटर्न ३०० नॅनोसेकंदांहून कमी टिकला तर ट्रिगर, असे लावले की शूट-थ्रू होण्याआधीच, विश्रांती आखडत चालली आहे हे दिसते. कार्ड जाळल्याशिवाय बिघाड पाहायचा असेल तर ही पद्धत अधिक शहाणपणाची.

चूक नेमकी कोणाची, हे कसे ठरते?

चार चॅनेलचा खरा फायदा इथे मिळतो. पहिल्या दोन चॅनेलवर प्रोसेसरचे हुकूम, पुढच्या दोन चॅनेलवर ऑप्टोकपलरनंतरचे, प्रत्यक्ष गेटवरचे सिग्नल. ट्रिगरची अट फक्त गेटवर लावायची : ‘काहीही, काहीही, उच्च, उच्च’. हेअर ड्रायरने किंवा हॉट एअरने कार्ड हळूहळू तापवायचे आणि थांबायचे.

ट्रिगर लागल्यावर नजर वरच्या दोन रेघांकडे न्यायची. तिथेही दोन्ही हुकूम एकत्र उच्च असतील, तर चूक प्रोसेसरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. तिथे डेड टाइम नीट दिसत असेल आणि गेटवर मात्र तो नाहीसा झाला असेल, तर मधला भाग दोषी. ऑप्टोकपलर बदला किंवा डेड टाइम वाढवा. ट्रान्झिस्टर बदलून काही होणार नव्हते.

तिसरी शक्यता अधिक चिवट आहे. हुकूम ठीक, ऑप्टोकपलर ठीक, तरीही खालच्या स्विचच्या गेटवर एक छोटी उसळी दिसते आणि ती पातळी ओलांडते. वरचा स्विच झटकन चालू झाला की खालच्या स्विचवरचे व्होल्टेज प्रचंड वेगाने चढते आणि त्याच्या आतल्या कपॅसिटन्समधून गेटला धक्का देते. कोणी हुकूम दिलेला नसताना स्विच अर्धवट चालू होतो. गेटचा रेझिस्टर बदलणे, बंद असताना गेटला ऋण व्होल्टेज देणे किंवा तारा आखूड करणे हे यावरचे उपाय आहेत. हा धक्का कमी व्होल्टेजवर फारसा दिसत नाही. त्यामुळे टेबलावर ३० व्होल्ट देऊन ‘ट्रिगर लागला नाही, म्हणजे ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

हे करताना धोका कुठे आहे?

साध्या प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आत अर्थिंगला जोडलेली असते आणि सर्व चॅनेलच्या क्लिप आतून एकच असतात. वरच्या स्विचचे गेट मोजायला ही क्लिप त्याच्या पायाला लावली, तर काहीशे व्होल्ट थेट अर्थिंगला जोडले जातात. स्कोप, कार्ड आणि कधीकधी माणूसही यात जायबंदी होतो. अर्थिंगची पिन काढून स्कोप ‘तरंगता’ ठेवण्याचा जुगाड दुकानांत सर्रास दिसतो. त्यात स्कोपची धातूची चौकटच जिवंत होते. वरच्या स्विचच्या गेटसाठी डिफरन्शियल प्रोबला पर्याय नाही. तो परवडत नसेल, तर निदान प्रोसेसरच्या बाजूचे, ऑप्टोकपलरच्या अलीकडचे सिग्नल पाहावेत. पण तेही सुरक्षित असतातच असे नाही. ती बाजू डीसी बसपासून खरोखर वेगळी आहे का, हे आधी मीटरने तपासावे लागते. पहिल्या चाचण्या कमी व्होल्टेजवर, प्रवाहमर्यादा असलेल्या सप्लायवर किंवा निदान जुन्या पद्धतीने सीरीज बल्ब लावून कराव्यात. बल्ब असला तरी कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज शिल्लक असते, एवढे ध्यानात ठेवून.

इन्व्हर्टरखेरीज याचा उपयोग कुठे?

जिथे एकेक सिग्नल निर्दोष आणि त्यांची जोडी सदोष, अशा प्रत्येक ठिकाणी. एकाच डेटा तारेवर दोन चिप एकाच वेळी बोलू लागणे हे नेहमीचे उदाहरण. दोघांच्या ‘बोल’ या परवानगीच्या तारा एकत्र सक्रिय झाल्या की ट्रिगर.

फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या पद्धतीतही असाच नियम आहे. घड्याळाची तार उच्च असताना डेटाची तार हलता कामा नये. हलली तर तो निरोपाचा आरंभ किंवा शेवट समजला जातो. नॉइजमुळे ती भलत्या वेळी हलली, की सेन्सर मधेच गप्प होतो आणि कारण कळत नाही. इथे ‘घड्याळ उच्च’ ही अट आणि ‘डेटा खाली येतोय’ ही कड एकत्र लावतात. अनेक स्कोपमध्ये पॅटर्नमधल्या एका चॅनेलला अशी कड देण्याची सोय असते. अर्थात खरे आरंभही यात टिपले जातात, त्यामुळे ते वेगळे काढावे लागतात. घड्याळाच्या कडेवरच बाकीच्या तारांची स्थिती तपासणाऱ्या प्रकाराला ‘स्टेट’ ट्रिगर म्हणतात. डेटा घड्याळाच्या कडेच्या फार जवळ बदलला तर पकडणारा ‘सेटअप-होल्ड’ ट्रिगर हा त्याचाच भाऊ.

चार तारांपेक्षा अधिक पाहायच्या असतील तर १६ डिजिटल चॅनेल जोडलेला मिक्स्ड सिग्नल स्कोप किंवा लॉजिक अॅनालायझर लागतो. मात्र डिजिटल चॅनेलला उच्च आणि नीच एवढेच कळते. गेटवरची ती अर्धवट उसळी त्यांना एक तर दिसत नाही किंवा पूर्ण उच्च म्हणून दिसते. दुरुस्तीच्या टेबलावर चार खऱ्या चॅनेलचा साधा स्कोप अनेकदा अधिक उपयोगी पडतो तो यामुळेच.

दुरुस्ती झाली हे कशावरून ठरवायचे?

ऑप्टोकपलर बदलला, डेड टाइम वाढवला. आता तोच पॅटर्न, त्याच पातळ्या, तीच काळाची अट ठेवून स्कोप ‘सिंगल’ मोडवर लावायचा आणि कार्ड रात्रभर चालू द्यायचे. त्याआधी एक तपासणी मात्र करावी लागते. मोटार व डीसी वीज काढून, सिग्नल जनरेटरने दोन्ही चॅनेलना मुद्दाम एकत्र उच्च करून, ट्रिगर खरोखर लागतो का ते पाहायचे. निसटलेल्या प्रोबमुळे रिकामा राहिलेला पडदा आणि बिघाड नसल्यामुळे रिकामा राहिलेला पडदा दिसायला सारखेच असतात. ही खात्री झाली असेल आणि सकाळी स्कोपच्या कोपऱ्यात अजूनही ‘रेडी’ लिहिलेले असेल, तर कंट्रोलर शेतात परत पाठवायला हरकत नाही. टेबलावर तो दोन तास नीट चालला, हा पुरावा तेव्हाही पुरेसा नव्हता.